दाणे घालणाऱ्या बाई

२८ नोव्हेंबर

लेकीनं ही वही आणून दिली. म्हणाली, "आई, बाबा काय खातात, किती झोपतात, काय विसरतात ते रोज दोन ओळी लिहीत जा. डॉक्टरणीला दाखवायचंय."

मी म्हटलं, "माझी शाळा चौथीत सुटली. लिहायला बसले की जीभ बाहेर येते माझी."

"येऊ दे. एरवी तरी कुठं आत असते?" म्हणाली. कार्टी माझ्यावर गेलीय.

तर लिहिते. हे जेवले. दोनदा जेवले. दुसऱ्यांदा हात धुऊन आले आणि विचारलं, "आज स्वयंपाक नाही का गं?" मी म्हटलं, पोट फुटेल तेव्हा आठवेल. हसले. हसणं अजून शाबूत आहे.

डॉक्टरीण पोरसवदा आहे, पण बोलली सरळ. हा आजार डोक्याचा, मागं फिरणारा नव्हे. आधी कालचं पुसलं जाईल, मग अलीकडच्या वर्षांचं. जुनं असेल ते शेवटी जाईल. लेकीच्या डोळ्यांना धार लागली. मी म्हटलं, मग मला कसली काळजी? या घरात माझ्याइतकं जुनं काय आहे? चष्मा विसरू देत, लेकीला विसरू देत, जावयाला विसरले तर उपकारच. मला कसे विसरतील? एवढी वर्षं कानाशी वाजतेय मी.

३ डिसेंबर

थंडी पडायला लागली. सकाळी बागेत पाखरांसाठी ठेवलेल्या परातीतलं पाणी गोठून वर काचेसारखी पापडी आलेली. हे अनवाणी निघाले, हातात गरम पाण्याची किटली. मी ओरडले तेव्हा मोजे घातले, दोन्ही एकाच पायात.

बाग म्हणजे काही राजाची नव्हे. एक बोराएवढी फळं येणारं झुडूप, भिंतीला टेकून एक बाक, आणि मधे माझी कपडे वाळत घालायची दोरी. त्या दोरीवरून आमची आयुष्यभर भांडणं. यांनी जन्मभर लोकांचे नळ दुरुस्त केले आणि निवृत्त झाल्यावर उरलेल्या पाइपांना भोकं पाडून, तळाला झाकण ठोकून त्या झुडपाला टांगलं. त्याला हे म्हणतात दाण्याचा नळ. तोंडाशी चोच लावली की दाणा हजर. पाखरं खातात आणि माझ्या धुतलेल्या चादरींवर पोच देऊन जातात. मी म्हणायची, बंद करा हे अन्नछत्र. हे म्हणायचे, "अगं, थंडीत उपाशी मरतील." मी म्हणायची, मरू देत, धुणं तरी स्वच्छ वाळेल.

गोळ्या घेतल्या. झोपले.

९ डिसेंबर

आज दाण्याच्या नळात यांनी साबणाची पावडर भरली.

पाखरं आली, नळावर बसली, डोकं तिरकं करून पाहिलं आणि उडून गेली. हे बाकावर बसून वाट बघत राहिले. दुपारी आत येऊन म्हणाले, "आपलं काही चुकलं का गं? रागावलीत वाटतं." इतकं लहान तोंड झालं होतं की मी बोलायचं सोडून चहा टाकला. असं माझ्याकडून सहसा होत नाही.

हे झोपल्यावर मी पाइप काढला, बाटली घासायच्या ब्रशनं आतून घासला, चार पाण्यांनी धुतला, चुलीशी वाळवला आणि बाजरी भरून परत टांगला. उठल्यावर चिमण्यांचं वऱ्हाड हजर होतं. हे म्हणाले, "आली बघ." जणू समजूत यांनीच घातली. मी म्हटलं, आली बाई एकदाची.

आता रोज मीच भरणार. पाखरांवर प्रेम उतू चाललंय म्हणून नव्हे. साबण महाग आहे.

१४ डिसेंबर

आज गंमत झाली. चहा दिला तर घोट घेऊन मला म्हणतात, "अहो, जरा साखर द्याल का?"

अहो! मला! लग्नाला उभी राहिले त्या दिवसापासून मी अगं. अगं इकडे ये, अगं ऐकलंस का, अगं माझा सदरा कुठाय. 'अहो' हा माझा शब्द, यांना हाक मारायचा. त्यावर यांनी कधी हक्क सांगितला नव्हता. मी म्हटलं, "घ्या ना साहेब, दोन चमचे घ्या." तर म्हणाले, "आभारी आहे." मी पदर तोंडाला लावून हसले.

लेकीला फोनवर सांगितलं. म्हटलं, तुझ्या बापाला शेवटी बायकोचा मान ठेवायची अक्कल आली. ती हसली नाही, "नक्की अहो म्हणाले?" एवढं विचारलं. मग म्हणाली, "आई, मी रविवारी येते." या पोरीला विनोद कळत नाही.

१७ डिसेंबर

अहो-जाहो चालूच. मलाही सवय लागली, खोटं कशाला सांगू. पाण्याची परात जड आहे म्हणून हातातून काढून घेतात. "तुम्ही नका उचलू." लग्न ताजं होतं तेव्हा एवढी आर्जवं केली असती तर मीही जरा गोड बोलले असते.

बागेत बसवून मला सगळ्यांची ओळख करून दिली, जणू मी आजच या घरात आले. चिमण्या म्हणजे वऱ्हाड: घोळक्यानं यायचं, खायचं आणि जेवणाला नावं ठेवत जायचं. भिंतीवरचा कावळा मुकादम, स्वतः काही करत नाही, सगळ्यांवर लक्ष ठेवतो. आणि ती काळी-पांढरी, शेपटी सारखी खालीवर आपटत चालणारी, ती परटीण. "फक्त थंडीत येते," म्हणाले. "कुठून येते, विचारू नका. मला सांगितलं नाही तिनं." मी म्हटलं, शेपटी बघा, धुणं आपटतेय. हे एकदम वळून माझ्याकडे बघायला लागले आणि म्हणाले, "हे आमची ही सुद्धा म्हणते."

आमची ही म्हणजे मीच की! थट्टा लांबवण्यात यांचा हात कोणी धरणार नाही.

२२ डिसेंबर

लेक आली होती रविवारी. मला न्याहाळत बसली. मी म्हटलं, आजारी ते आहेत, माझ्याकडे काय बघतेस?

आज लिहायला हात होत नाही, पण लिहिते.

दिवस मावळताना मी दिवा लावला. हे टोपी घालून दाराशी उभे. म्हणाले, "अहो, आता निघा तुम्ही. अंधार पडला. घरचे वाट बघत असतील."

मी म्हटलं, "पुरे झाली थट्टा. टोपी काढा, जेवायला बसा."

"जेवण आमची ही आल्यावर. ती जरा बाहेर गेलीय." आणि मग आवाज खाली आणून, "तिनं तुम्हाला अवेळी इथं बघितलं तर बरं नाही. तोंडाची फटकळ आहे. मनात काही नसतं, पण तुमचा उगीच अपमान व्हायचा."

यांच्या तोंडावर थट्टा नव्हती. मी नीट बघितलं. मागं-पुढं कुठंच नव्हती.

म्हणजे ते अहो मानाचं नव्हतं. आपण परक्या बाईला म्हणतो ते होतं. साखर मागितली तेव्हापासूनच.

लेकीला तेव्हाच कळलं होतं. मला विनोद कळत नाही.

२३ डिसेंबर

जेवले. गोळ्या घेतल्या.

२७ डिसेंबर

आज एक झालं.

मी स्वयंपाकघरात होते. दूध उतू गेलं आणि मी नेहमीसारखी ओरडले, "अहो! तो कट्ट्यावरचा फडका कुठं नेऊन टाकलात?" बाहेरून आवाज आला, "आलो गं! आलो! परटिणीला बाक पुसायला घेतला होता!"

आलो गं. माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. दूध सगळं गेलं, जाऊ दे. मी पळतच बाहेर आले. या वयात पळाले. हे फडका घेऊन हसतमुखानं येत होते. मला बघितलं आणि थबकले. हसू कुठल्या कुठं गेलं. माझ्या खांद्यावरून आत डोकावत म्हणाले, "आमची ही आलीय वाटतं. आत आवाज आला."

मी म्हटलं, "मीच ती."

मान खाली घालून उभे राहिले. भल्या माणसाला म्हाताऱ्या बाईला खोटारडी म्हणता येत नाही, तसे.

मग मी आरशासमोर जाऊन उभी राहिले. डॉक्टरीण बरोबर बोलली. जुनं शेवटी जाणार. जुनी मी अजून आहे. तिचा आवाज आहे, तिचा तोंडाचा पट्टा आहे. ती आत स्वयंपाकघरात असते. पण हे तोंड, या सुरकुत्या, हे पांढरं डोकं अलीकडचं. ते आधी गेलं.

८ जानेवारी

दहा-बारा दिवस लिहिलं नाही. आधी मी झोपायच्या खोलीतून बाहेर गेले. हे पलंगाच्या कडेला बसून राहायचे, पाठ टेकेनात. "तुम्ही इथं झोपणं बरं दिसत नाही," म्हणाले, आणि वर हात जोडले. म्हणून मी लेकीच्या जुन्या खोलीत. भिंतीपलीकडून घोरणं ऐकू येतं. पूर्वी त्याच घोरण्यापायी मी कानात बोळे घालायची. आता भिंतीला कान लावते.

आज सकाळी मी दाणे भरायला बाहेर गेले आणि मागं कडी पडली. दार वाजवलं. आतून म्हणाले, "घरात कोणी नाही. नंतर या." दात वाजायला लागले होते. अंगावर शालही नव्हती. मी ओरडले असते तर आमची ही बागेत कशी, म्हणून हे घाबरले असते. मागचं दारही आतून बंद, लेकीला फोन करायचा तर फोन आत. मग काय, बसले बाकावर, दाण्याचं भांडं मांडीवर घेऊन. माझ्याच घराच्या दाराशी.

हात गारठले म्हणून चाळा हवा होता, त्यात मी दाणे टाकत राहिले. आधी वऱ्हाड उतरलं, माझ्या पायांपर्यंत. मग मुकादम. परटीण आली, शेपटी आपटत. मी हलले नाही. मला उठायचंच नव्हतं.

थोड्या वेळानं कडी निघाली. हे हळू पावलांनी बाहेर आले, पाखरं उडू नयेत म्हणून. हातात माझी शाल. "दाणे घालायला आलात का तुम्ही?"

मी यांच्याकडे बघितलं. हो म्हटलं तर दार उघडं होतं. नाही, मी तुमची बायको म्हटलं तर बंद होतं.

"हो," म्हटलं. "दाणे घालायला आले."

"मग सांगायचं ना आधी. ही घ्या. आमच्या हिची आहे, पण काही बोलणार नाही ती. मी सांगेन तिला."

माझीच शाल मला उसनी मिळाली.

१३ जानेवारी

लेकीनं ऐकलं आणि म्हणाली, "आई, असलं नाटक किती दिवस करणार? तू माझ्याकडे चल. बाबांसाठी माणूस ठेवू."

मी म्हटलं, "माणूस ठेवायचाच आहे तर मी आहे की. मला कामाची माहिती आहे."

आता असं चालतं. सकाळी मी मागच्या दारानं निघते, घराला वळसा घालून फाटकातून येते आणि कडी वाजवते. "या बाई, या." दिवसभर दाणे, पाणी, बाक. दिवस कलला की मोठ्यानं म्हणते, "येते हो मी," आणि फाटकातून बाहेर पडून मागच्या दारानं स्वयंपाकघरात. तिथून ओरडायचं, "अहो, ताट वाढलंय, गार होतंय!" ताट टेबलावर, मी दाराआड. हे येतात, जेवतात, दाराआडच्या मला दिवसभराचं सांगतात. एका घरात दोन नोकऱ्या लागल्या मला, तीही या वयात.

काल जेवताना म्हणाले, "अगं, ती दाणे घालणारी बाई येते ना, बरी आहे. तुझ्यासारखी कटकट करत नाही. पाखरं तिच्या पायाशी येतात."

मी आतून म्हटलं, "मग तिलाच ठेवा घरात."

"छे गं," म्हणाले, "काहीतरीच तुझं."

मला त्या बाईचा राग आला. नंतर तिचीच मजा वाटली. मग कुणाचं काय वाटून घ्यावं ते कळेना, म्हणून भांडी घासली.

२१ जानेवारी

लेक आली होती. मी दाराआडून हाक मारली, "अहो, ताट वाढलंय."

यांच्या हातातला पेला पडला. लेकीला म्हणाले, "आत कोण बाई आहे? कोण ओरडतंय?" उठून भिंतीला टेकून उभे राहिले.

मी परत हाक मारली. हळू. मग आणखी हळू. शेवटी नुसतं "अहो".

"तिला जायला सांगा," म्हणाले.

लेक स्वयंपाकघरात येऊन माझ्या गळ्यात पडली. मी म्हटलं, "रडायचं तर बागेत जाऊन रड. आणि जातेच आहेस तर पाणी बदल परातीतलं." ती गेली. मी ओट्याशी उभी राहिले. तोंडात शब्द होते, ते कुठं ठेवावेत समजेना.

आता दाराआड कोणी नाही. ताट मी उघडपणे वाढते. "तुम्ही स्वयंपाकही करता?" विचारतात. करते म्हटलं, जमेल तसा.

२६ जानेवारी

कडाक्याची थंडी. सकाळी दाण्याच्या नळाखाली एक चिमणी मरून पडलेली. मूठभरसुद्धा नव्हती. झुडपाखाली खळगा खणायला गेले तर जमीन दगड झालेली. किटलीतलं गरम पाणी ओतलं, उलथन्यानं उकरलं, पुरली. यांनी विचारलं, "एक कमी दिसतंय का वऱ्हाडात?" म्हटलं, सासरी गेली.

मग मी आत येऊन खुर्चीवर बसले आणि बराच वेळ रडले. चिमणीसाठी रडणारी बाई मी नव्हे. माझ्या चादरींचे हाल तिनंही केलेच असतील.

डॉक्टरणीसाठी वेगळ्या कागदावर लिहून दिलं: भूक ठीक, झोप ठीक. ही पानं तिच्या कामाची नाहीत.

४ फेब्रुवारी

आज ऊन होतं. बाकावर दोघं बसलो, मधे एका माणसाची जागा सोडून. हे ती जागा नेहमी सोडतात. हल्ली आमच्या हिचं नाव काढत नाहीत. कुठं गेली विचारत नाहीत. वाट बघणंही विसरले. तेवढं तरी राहायला हवं होतं.

हे मुठीतले दाणे संपेपर्यंत टाकत राहिले. मग लोक गाडीत शेजारच्याला विचारतात तसं विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण?"

"लेक आहे. ती तिच्या घरी."

"आणि मालक?"

"आहेत," म्हटलं.

"काय करतात?"

"पूर्वी नळ दुरुस्त करायचे. आता पाखरांना दाणे घालतात."

"अरे वा!" हे वळून बसले. डोळे चमकले. "मग माझी ओळख असायला हवी. नाव काय त्यांचं?"

मी यांचं नाव आजवर घेतलेलं नाही. आमच्यात घेत नाहीत, आणि पुढं जग बदललं तरी माझी जीभ वळली नाही. दवाखान्यात नोंदणीला विचारलं तेव्हाही मी लेकीला पुढं केलं होतं. सगळ्या जगाला तोंडावर वाट्टेल ते बोलले, पण हे एक नाव तोंडातून कधी बाहेर काढलं नाही. आत कुठंतरी कोरं राहिलं होतं.

मुकादम भिंतीवरून बघत होता. मी यांच्याकडे बघितलं, डोळ्यांत, आणि नाव घेतलं. पहिलं, वडिलांचं आणि आडनाव. सगळं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

हे विचारात पडले. कपाळाला आठ्या घातल्या. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. वाटलं, आता. आता वळतील.

"नाही बुवा," म्हणाले. "आपली ओळख नाही." आणि मला वाईट वाटू नये म्हणून लगेच, "नाव चांगलं आहे. माणूस कसा आहे?"

"बरा आहे," म्हटलं. "मला त्रास नाही दिला कधी."

"मग एखाद दिवशी त्यांनाही घेऊन या. बाकावर जागा आहे की," आणि आमच्या मधली रिकामी जागा हातानं झाडून दाखवली.

"आणते," म्हटलं.

परटीण उतरली होती. हे म्हणाले, हळू बोला, आणि मग आम्ही कोणीच बोललो नाही.